घटस्फोटाचा अर्ज नंतर, इच्छापत्र आधी

ताई, तुम्ही लिहिलेल्यावरून मला समजलं ते असं. लग्नाला बारा वर्षं झाली. वीस महिन्यांपासून पती कामानिमित्त बंगळूरला आणि तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्यात, वेगळ्या राहता. भांडण संपलंय, फौजदारी तक्रार कुणीच केलेली नाही, दोघांनाही समजुतीने वेगळं व्हायचंय. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यावर कर्ज बाकी. पती त्यातला आपला हिस्सा तुम्हाला द्यायला तयार आहेत, उरलेले हप्ते तुम्ही भरणार. पती म्हणतात, ‘स्टँपपेपरवर लिहून नोटरी करू, झालं काम.’ तुम्हाला विचारायचंय की एवढं पुरेल का, मध्यस्थाकडे जावं का, अडतिसाव्या वर्षी इच्छापत्र करण्यात काही अर्थ आहे का, आणि धाकट्या भावाचं गोव्यातल्या फोंड्याच्या मुलीशी लग्न ठरलंय तर त्याने लग्नाआधी करार करावा का.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि मध्यस्थ म्हणूनही बसते. तुम्ही जाता जाता विचारलेला इच्छापत्राचा प्रश्न मी आधी घेते, कारण सगळ्यात तातडीचा तोच आहे.

इच्छापत्र या आठवड्यात करा, घटस्फोटाचा अर्ज दाखल करण्याच्याही आधी. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कायद्याच्या नजरेत तुम्ही पती-पत्नीच आहात. मधल्या काळात, देव न करो, तुमचं काही बरंवाईट झालं आणि इच्छापत्र नसलं, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे तुमची मिळकत मुलगी आणि पती यांना समसमान जाते. मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, म्हणून तिच्या वाट्याचा कारभारही नैसर्गिक पालक या नात्याने वडिलांकडे. म्हणजे ज्यांच्याबरोबर तुम्ही हिशेब मिटवायला बसला आहात, सगळं त्यांच्याच हाती. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना यातलं काहीही मिळत नाही. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे स्वतःचे आई-वडील वारसांच्या क्रमात पतीच्या वारसांच्याही मागे येतात, हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्या कित्येक जणी गप्प होतात. मला स्वतःला हे कलम अन्यायाचं वाटतं. पण ते बदलेपर्यंत इच्छापत्र हाच त्यावरचा उपाय आहे.

घटस्फोट झाल्यावर पती वारस राहणार नाहीत, सगळं मुलीला जाईल. ते चांगलंच, पण ती नऊ वर्षांची आहे. तुमच्या पश्चात तिचा नैसर्गिक पालक तिचा बाप. स्थावर मिळकत विकायची तर पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. ठेवी, म्युच्युअल फंड, सोनं यांना तसं कुंपण नाही. म्हणून इच्छापत्रात ‘सर्व काही मुलीला’ एवढंच लिहून थांबू नका. तिच्यासाठी विश्वस्त नेमा. तुमचा भाऊ आणि आणखी एक भरवशाची व्यक्ती चालेल. मिळकत विश्वस्तांच्या ताब्यात राहील, त्यातून तिचं शिक्षण आणि औषधपाणी होईल आणि पंचवीस पूर्ण झाल्यावर सगळं तिच्या हाती जाईल, असं लिहा. त्याच कागदात आई-वडिलांना हयातीपर्यंत फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क द्या. मुलीला सांभाळण्याचा हक्क मात्र इच्छापत्राने भावाला देता येत नाही. वडील हयात असताना ते पालक राहतातच, आणि ते चांगले वडील आहेत असं तुम्हीच लिहिलंय. आपण फक्त पैशाची सोय वेगळी करतोय.

फ्लॅटचा निकाल लागायचाय म्हणून थांबू नका. ‘या सदनिकेतील माझा आज असलेला आणि पुढे मला मिळेल तो सर्व हिस्सा’ असे शब्द घातले की दोन्ही परिस्थिती झाकल्या जातात.

इच्छापत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्यासारख्या प्रकरणात मी ती करायला सांगते; दुय्यम निबंधकाकडे तासाभराचं काम असतं. खरं महत्त्व साक्षीदारांना. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. दोघं एकाच वेळी हजर असण्याची कायद्याची सक्ती नाही, तरी एकत्रच बोलवा. उद्या वाद झाला तर त्यांतल्या एकाला तरी न्यायालयात उभं राहावं लागतं, म्हणून तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि शहरातच राहणारी माणसं घ्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आई-वडिलांनाही नाही.

त्याच दिवशी नॉमिनेशन बदलायला घ्या: पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, बँक, डीमॅट, सोसायटी. बहुतेक ठिकाणी आज पतीचं नाव असेल आणि घटस्फोटाने ते आपोआप पुसलं जात नाही. नॉमिनी हा मालक नसतो, रक्कम स्वीकारून वारसांना देणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. विम्याचा कायदा मात्र २०१५ मध्ये बदलला. आता जोडीदार, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच धरली जाते. म्हणून विम्याची पॉलिसी सगळ्यात आधी.

आता नोटरीचं. स्टँपपेपरवरच्या सोडचिठ्ठीने हिंदू विवाह संपत नाही. एखाद्या समाजात रूढीने घटस्फोटाची पद्धत असेल आणि ती सिद्ध करता आली, तर कायद्यात तेवढा अपवाद आहे. तुमच्याकडे तसं काही नाही. असा कागद करून दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न रद्दबातल आणि वर द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा. फसवायचा हेतू नसलेल्या चांगल्या घरांतली माणसं यात अडकतात. नोटरीचा शिक्का दिसला की काम पक्कं झालं असं त्यांना वाटतं. तुमचा मार्ग हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम १३-ब, म्हणजे परस्पर संमतीचा संयुक्त अर्ज, आणि जागा शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय.

मध्यस्थाची गरज आहे का? ‘आमचं सगळं ठरलंय’ असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. तुमचं वेगळं व्हायचं ठरलंय. कसं व्हायचं ते अजून ठरलेलं नाही. मुलीची फी कोण भरणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना एकत्र आणि वेगवेगळं भेटतो. तिथे बोललेलं गुप्त राहतं, न्यायाधीशांपर्यंत जात नाही. त्यामुळे माणसं खरं बोलतात. एक जोडपं माझ्यासमोर पोटगीच्या आकड्यावर अडून बसलं होतं. ती एका लाखानेही खाली येईना, तो वर जाईना. वेगळं बसवून ‘हा आकडा कशासाठी?’ एवढंच विचारलं. तिला धास्ती होती मुलाच्या बारावीनंतरच्या खर्चाची: तोवर याने दुसरा संसार मांडला तर? त्याला धास्ती होती की एकरकमी दिलेले पैसे मुलापर्यंत पोहोचणारच नाहीत. दोघांची भीती एकाच मुलाबद्दलची होती. मग एकरकमी रक्कम कमी झाली, शिक्षणासाठी मुलाच्या नावे मुदत ठेव झाली आणि वडिलांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली मुलासाठी टर्म विमा काढला. या कायद्याखालच्या पॉलिसीत लाभार्थी नंतर बदलता येत नाही आणि वडिलांच्या सावकारांना त्या रकमेला हात लावता येत नाही. तुमच्याही समझोत्यात ही पॉलिसी मागून घ्या. घटस्फोटानंतरही मुलगी वडिलांची वारस राहते, पण दुसरा संसार झाला तर वाटेकरी वाढतात आणि इच्छापत्र करून ते तिला वगळूही शकतात.

मध्यस्थासाठी फार खर्च करायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीची मध्यस्थी होते, आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं. न्यायालयातले विवाह समुपदेशकही तुम्हाला भेटतीलच. दोघांचा मिळून एकच वकील मसुदा तयार करू शकतो. पण सही करण्यापूर्वी तुम्ही तो स्वतःच्या वेगळ्या वकिलाला दाखवा, पतींनीही दाखवावा. बसण्याआधी दोघांनी आपापल्या उत्पन्नाचं, मालमत्तेचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र करा. पोटगीच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा नमुना ठरवून दिलाय, तोच वापरा. लपवलेली मालमत्ता नंतर बाहेर आली की समझोता डळमळतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण तुमच्या पत्रात तो आहे. ‘लग्नानंतरच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा’ असा नियम आपल्याकडे, गोवा सोडलं तर, नाही. तुम्हाला पोटगी मागता येते, स्त्रीधन सर्वस्वी तुमचं आहे, फ्लॅटवर नाव आहे म्हणून त्यात हिस्सा आहे. याहून पुढचं जे मिळेल ते समझोत्यातून. म्हणूनच समझोत्याच्या कागदावर मी इतका वेळ घालवते.

फ्लॅटबद्दल संमती अटींमध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या समझोत्याच्या कागदात, हमखास दिसणारं वाक्य असं: ‘सदर सदनिका पती पत्नीच्या नावे करून देतील व यापुढील कर्जाचे हप्ते पत्नी भरेल.’ वाचायला छान, अंमलबजावणीला निरुपयोगी. कधी करून देतील? कुठल्या दस्ताने? खर्च कुणाचा? आणि बँकेचं काय? तुमचा हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नाही. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत तोवर दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार. तुमचा एक हप्ता चुकला तर त्यांचा सिबिल बिघडणार, आणि त्यांना बंगळूरला घर घ्यायचं असेल तर हे जुनं कर्ज आडवं येणार. मग कटुता नव्याने सुरू होते, तीही घटस्फोट झाल्यावर.

म्हणून आधी बँकेत जा. ‘कर्ज माझ्या एकटीच्या नावावर करायचंय, पतींना मोकळं करायचंय’ असा लेखी अर्ज द्या. बँक तुमच्या एकटीच्या पगारावर पात्रता नव्याने तपासेल. पगार अपुरा पडला तर भावाला सहकर्जदार घेता येईल का ते विचारा, नाहीतर दुसऱ्या बँकेकडे कर्ज हलवा. बँकेचं संमतीपत्र हातात आलं की मगच अटींचा मसुदा करा. त्यात टप्पे हवेत: अमुक तारखेपर्यंत बँकेचं पत्र, अमुक तारखेला दुय्यम निबंधकाकडे दस्त, त्यानंतर इतक्या दिवसांत सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, मालमत्ताकराच्या आणि वीजबिलाच्या नोंदीत नावाचा बदल. मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) कुणाकडे राहणार, हेही. आणि एखादा टप्पा चुकला तर काय, हेसुद्धा. असं लिहिलेलं असलं की गरज पडल्यास दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, लावून अंमलबजावणी करून घेता येते. मोघम वाक्यावर दरखास्त लावली तर त्याचा अर्थ काय यावरच तारखा पडत राहतात.

दस्ताच्या वेळेला फार महत्त्व आहे. पती पैसे न घेता हिस्सा देत असतील तर महाराष्ट्रात पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे; शहरानुसार अधिभार लागतो, तो कार्यालयात आधी विचारून घ्या. पण हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलत संपते. उलट बाजूने, संमती हुकूमनाम्यापर्यंत मागे घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे सगळं आधी देऊन बसणाऱ्याला जोखीम, नंतर देणाऱ्याला खर्च. परस्पर संमतीत दोन अर्ज असतात, दुसऱ्यावर घटस्फोट पक्का होतो; मी बहुतेकदा दस्त दुसऱ्या अर्जाच्या तारखेच्या दोन-चार दिवस आधी ठेवते आणि उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट त्या तारखेला न्यायालयासमोर द्यायला लावते, नंबरासकट पुरसीस (लेखी निवेदन) देऊन. फ्लॅटचं संपूर्ण वर्णन मूळ अर्जात आणि संमती अटींतही घालून घ्या. अर्जाचा विषय असलेल्या मिळकतीबद्दलच्या तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये सूट आहे; अर्जात फ्लॅटचा उल्लेखच नसेल तर ती मागता येत नाही.

सहा महिने थांबावं लागेल का, ही तुमची चिंता बहुधा दूर होईल. कलमात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिन्यांचं अंतर सांगितलंय. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते शिथिल करता येतं असं ठरवलं: पहिल्या अर्जाआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने तशी विनंती करता येते. वीस महिने झाले म्हणजे पहिली अट तुम्ही पूर्ण करता. तिसरी तेव्हाच पूर्ण होईल जेव्हा वरचे कागद तयार असतील.

मुलीबद्दल ‘ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क राहील’ एवढंच लिहू नका. एक आड एक शनिवार-रविवार, शुक्रवारी संध्याकाळी कुणी न्यायचं आणि रविवारी किती वाजता परत आणायचं. मे महिन्याच्या सुट्टीचे निम्मे दिवस. वडिलांच्या घरी गणपती बसतो म्हणता, तर गणेशचतुर्थी तिकडे आणि दिवाळीचं लक्ष्मीपूजन तुमच्याकडे, की दरवर्षी आलटून पालटून? मध्यस्थीच्या टेबलावर लाखांचे आकडे पटकन मिटतात आणि पहिल्या दिवशीच्या आरतीला मूल कुठे असणार यावर आवाज चढतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. ते अगदी साहजिक आहे, म्हणून त्याला पुरेसा वेळ द्या. मुलीच्या पासपोर्टसाठीची संमती, शाळेच्या दाखल्यावर दोघांचे फोन, आजारपणात निर्णय कुणाचा, हेही लिहा. फीचं म्हणाल तर तुम्ही स्वतःची पोटगी सोडू शकता, मुलीचा हक्क तुम्हाला सोडता येत नाही. तो सोडल्याचं लिहिलं तरी टिकणार नाही. मुलीची रक्कम वेगळी दाखवा आणि तिच्यात दरवर्षी किती टक्के वाढ होणार तेही ठरवा. ताब्याच्या अटी पुढे परिस्थितीप्रमाणे बदलून मागता येतात, त्यामुळे आज सगळं कायमचं ठरतंय या दडपणाखाली राहू नका.

तुमच्या भावाबद्दल. महाराष्ट्रात हिंदू जोडप्याने ‘घटस्फोट झाला तर असं’ म्हणून केलेला विवाहपूर्व करार न्यायालयाकडून अमलात आणून घेता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यातलं सार्वजनिक धोरणाचं कलम २३ आडवं येतं. फार तर तो पुरावा म्हणून पाहिला जातो. त्यापेक्षा दोघांनी लग्नाआधीची आपापली मालमत्ता आणि कर्जं मोकळेपणाने एकमेकांना दाखवावीत, पुढे एकत्र घर घेतलं तर कुणाचे किती पैसे ते खरेदीखतातच लिहावं. आणि लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची सह्यांची यादी करावी. हुंडा प्रतिबंध कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत ती सांगितलेलीच आहे, करत कुणीच नाही. तुमच्या लॉकरमधल्या दागिन्यांपैकी कोणते माहेरचे आणि कोणते सासरचे, हा घोळ अशा यादीने झाला नसता.

पण मुलगी फोंड्याची आहे, तिथे चित्र वेगळं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. त्याखाली लग्न झालं आणि आधी करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, प्रत्येकाचा निम्मा हिस्सा. वेगळी ठेवायची तर लग्नाआधी विशेष नोटरी या तिथल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर रीतसर दस्त करावा लागतो आणि तो करार तिथे पूर्णपणे ग्राह्य असतो. इच्छापत्रावरही बंधन आहे: मुलं, आई-वडील असे हक्काचे वारस असतील तर साधारणपणे निम्म्याच मिळकतीची विल्हेवाट मर्जीने लावता येते. गोव्याच्या अधिवासी (कायमचं घर गोव्यात असलेल्या) माणसाची गोव्याबाहेरची मिळकतही वारशाच्या बाबतीत याच कायद्यात येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. भाऊ पुण्याचा, ती गोव्याची, त्यामुळे लग्नाची नोंदणी कुठे होणार यावर बरंच अवलंबून राहील. गोव्यात करायची ठरत असेल तर दोघांनी मिळून तिथल्या वकिलाला नोंदणीच्या सह्यांआधी भेटावं, कारण नंतर तो करार करताही येत नाही आणि बदलताही येत नाही.